निळी दोरी दिसली की उचल

चौलच्या मोहल्ल्यात आखातातून आलेला खोका कुणी असाच फोडत नाही, आणि वलीचाचांच्या घरी तर मुळीच नाही. आलेल्या माणसाने हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा, शेजारीपाजारी ओटीवर जमले की घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाने कोयती हातात घ्यायची आणि खोक्याची दोरी कापायची. दोरी कापली म्हणजे कमाई घरात आली आणि घराने ती कबूल केली. वलीचाचा स्वतः सत्तावीस वर्षं बहारीनला होते. दर दोन वर्षांनी ते खोका घेऊन यायचे आणि त्यांचे वडील सगळ्या मोहल्ल्याला ताटकळत ठेवून, खोकून-खाकरून, मग सावकाश कोयती उचलायचे. त्यांचा मुलगा तौहीद तेव्हा एवढासा होता. दोरी तुटल्याचा आवाज झाला की त्याच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या.

आता तौहीद छत्तीस वर्षांचा होता. ओमानमध्ये सलालाला दोन वर्षं काढून, बकरी ईदसाठी पहिल्यांदा रजेवर निघाला होता. विमानात शेजारी बायको यशरा तोंड उघडं टाकून झोपली होती आणि याला एकच घोर लागला होता: अब्बा कोयती हातात घेतील का?

घोर लागणारच. दोन वर्षांत वलीचाचा त्याच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. आणि तौहीदचा गुन्हा काय, तर तो बायकोच्या व्हिसावर गेला होता.

यशरा पनवेलला एका रुग्णालयात डायलिसिसच्या मशीनवर काम करायची. तिचा हात इतका हलका की सुई टोचून झाली तरी पेशंट विचारत, "कधी टोचणार?" सलालाच्या एका रुग्णालयाने तिला बोलावलं. पगार चांगला, राहायला घर, वर नवऱ्याला सोबत नेण्याची सोय. तौहीद तेव्हा न्हावा शेव्याला एका गोदामात खोकी कंटेनरमध्ये रचायचं काम करत होता. नऊ वर्षं तेच. त्याने विचार केला तो एका चहापुरता, आणि कप खाली ठेवून म्हणाला, "चल, मी पण येतो."

नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली बाई मोहल्ल्यात घरटी एक सापडेल. बायकोच्या व्हिसावर गेलेला नवरा मात्र चौलच्या बंदरात गलबतं लागत होती तेव्हापासून आजवर कुणी पाहिला नव्हता. वलीचाचांनी बातमी ऐकली, दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "जा. तिच्या ब्यागांत एक ब्याग आजून."

त्यानंतर त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. गंमत म्हणजे सुनेवर त्यांचा काडीचा राग नव्हता. व्हिडिओ कॉलवर ते तिला मायेने विचारायचे, "बाय, जेवलीस का? काम जादा तं न्हाय ना?" पण फोनच्या कोपऱ्यात तौहीदचं नाक जरी दिसलं तरी ते फोन उलटा करून छताकडे धरायचे. मग यशरा कामावर निघून जाईपर्यंत तौहीद चौलचा पंखा बघत बसायचा.

त्यात भर पडली कार्डाची. सलालाला पोचल्यावर रहिवासी कार्डाचा अर्ज भरायला हे दोघं एका टायपिंगवाल्याकडे गेले. त्याने आयुष्यात शेकडो जोडप्यांचे अर्ज भरले होते आणि प्रत्येक वेळी सोबत आलेलं माणूस म्हणजे बायको, हे त्याच्या बोटांना पाठ झालं होतं. पंधरा दिवसांनी कार्ड हातात आलं. त्यावर तौहीदचा दाढीमिशांसकट फोटो होता आणि कामाच्या रकान्यात स्वच्छ छापलं होतं: गृहिणी. यशरा हसता हसता फुटपाथवर बसली. तिला उठवायला गेलेला तौहीदही बसला. जाणारा-येणारा बघायला लागला तशी ती अजून हसायला लागली. तिने कार्डाचा फोटो सासूला पाठवला. मासूमाअम्मींनी तो हसत हसत नवऱ्याला दाखवला, आणि वलीचाचा त्या दिवशी जेवले नाहीत.

सलाला पाहून तौहीदला आधी आपण फसलो असंच वाटलं. रस्त्याच्या कडेने नारळ, केळी, पपया, टपऱ्यांवर शहाळी. "एवढं विमानात बसवून परत चौललाच आणलंय की मला," तो म्हणाला. पण चौलला निदान भांडायला माणसं होती. इथे यशरा सकाळी सहाला जायची ती चारला यायची. तौहीद घरात एकटा. कार्डावर जे छापलं होतं ते तो इमानेइतबारे करायला लागला. पहिल्या महिन्यात त्याने तीन पातेली जाळली, यशराचे पांढरे युनिफॉर्म गुलाबी केले आणि शेजारच्या बाईकडून कोळंबीचं कालवण शिकला. एके दिवशी यशरा घरी आली तर हा बाल्कनीत बसून समोरच्या माडाला लागलेले नारळ मोजत होता.

"किती?" तिने विचारलं.

"काल एकोणचाळीस होते. आज अडतीस." तौहीद हसला नाही. "मला इथं काही काम नाही ग यशरा."

तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. दोघं शेजारी बसून राहिले आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

शेजारची मल्याळी नर्स रजेवर चालली होती. सकाळचं विमान, आणि तिचा खोका काही केल्या बंद होत नव्हता. तीस किलोची मर्यादा, वजनकाटा बंद पडलेला, बाई रडकुंडीला आलेली. तौहीद गेला. त्याने खोका दोन्ही हातांनी वितभर उचलला, ठेवला आणि म्हणाला, "साडेतीन किलो जास्त आहे."

नऊ वर्षं खोकीच उचलली होती त्याने. हातांना काट्याची गरज उरली नव्हती. त्याने खोका रिकामा केला, दुधाच्या पावडरीचे डबे तळाशी, कपडे चारी बाजूंनी, काचेचं सगळं मधोमध असं पुन्हा रचलं. साडेतीन किलो बाहेर काढलं, आणि दोरी हातात घेतल्यावर त्याची बोटं आपोआप जुनी गाठ मारायला लागली. बहारीनला परत जाताना वलीचाचा सुक्या मासळीचा, पापडांचा खोका बांधायचे, तेव्हा झाकण दाबून धरायला खोक्यावर बसायचं काम तौहीदचं असे. दोन आडवे वेढे, दोन उभे, मधे पीळ, वर हाताला धरायला कडी आणि शेवटचं टोक वाकवून आत खोचलेलं. ते टोक कशासाठी खोचायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. अब्बा खोचायचे म्हणून तोही खोचायचा.

विमानतळावरच्या काट्याने एकोणतीस किलो नऊशे ग्रॅम दाखवलं. नर्सने तिथूनच फोन करून किंचाळून सांगितलं, आणि आठवड्याभरात सगळ्या रुग्णालयाला कळलं.

मग जे सुरू झालं त्याला काही धरबंध राहिला नाही. रजेवर जाणारा माणूस तिकीट काढायच्या आधी तौहीदची वेळ घ्यायला लागला. केरळचे आले, बांगलादेशचे आले, फिलिपिनो आले. त्यांची भाषा याला येईना, याची त्यांना येईना, पण खोका उचलून बोटांनी किलो दाखवले की सगळ्यांना समजायचं. एकाने झुंबर पाठवलं, ते कोल्लमला शाबूत पोचलं. एकीने नवऱ्यासाठी शिजवलेल्या बिर्याणीचा डबा बर्फात घालून दिला, तोही पोचला. तौहीद मासळी बंदरावरून जाळ्याची निळी नायलॉनची दोरी आणायचा. हळूहळू ती निळी दोरी हीच त्याची सही झाली. पूर्वी बेकरीत लोक त्याला "यशराचा नवरा" म्हणायचे. आता रांगेत यशरा उभी असली की मागून कुणी म्हणे, "अरे पुढे जाऊ द्या, तौहीदभाईंची मिसेस आहे." ती घरी येऊन फणफणली. "मी सहा लोकांचं रक्त साफ करून आलेय आणि मला पाव मिळतो तुझ्या खोक्यांमुळे!" असं म्हणाली आणि लगेच पाव चहात बुडवून हसायला लागली.

शेवटी रजेच्या दीड महिना आधी एका मोठ्या कार्गोवाल्याने त्याला बोलावलं. रीतसर नोकरी, रीतसर कागद आणि नवीन कार्ड. कामाच्या रकान्यात: पॅकिंग सुपरवायझर. यशराने दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. तौहीदने तो कुणाला पाठवू दिला नाही. "अब्बांना मी हातात देणार आहे," तो म्हणाला. "दोरी कापल्यावर."

आता घोटाळा कुठे झाला ते सांगतो, आणि हा घोटाळा तौहीदशिवाय जगात दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता.

ईदच्या सुट्टीला त्याच विमानाने रायगडचे अजून आठ जण निघाले होते. उरणचा वेल्डर ऋत्विक, रेवदंड्याचा क्रेन मेकॅनिक सुजित, एका ओमानी घरात स्वयंपाक करणारी मुरूडची काशी आणि आणखी पाच. आठही खोके बांधले तौहीदने, नववा त्याचा. सगळे एकाच दुकानातून आणलेले दूध पावडरीचे खोके, सगळ्यांना निळी दोरी, तीच गाठ, तीच कडी. ज्याने त्याने विचारलं, "तौहीदभाई, नाव लिहायला नको?" आणि प्रत्येकाला, वेगवेगळ्या दिवशी, छाती फुगवून याने एकच उत्तर दिलं: "नाव कशाला? मुंबईला पट्ट्यावर निळी दोरी दिसली की डोळे झाकून उचल."

आठही जणांनी तेच केलं. बाहेर गाड्या हॉर्न वाजवत होत्या, घरची माणसं फोनवर फोन करत होती, पट्ट्यावर निळी दोरी दिसली आणि ज्याने त्याने डोळे झाकून उचलली. टॅग कुणी बघितला नाही. खुद्द तौहीदनेही नाही. दोरी त्याचीच होती, गाठ त्याचीच होती, शंका यायची कशाला? शिवाय खोका त्याने उचललाही नाही. पट्ट्यावरून ट्रॉलीवर नुसता ढकलला, कारण दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर अम्मी होत्या.

अटल सेतू उतरून पेण, पोयनाड, अलिबाग करत गाडी अकरा वाजता चौलला मोहल्ल्यात शिरली. ओटी भरलेली होती. शेजारच्या वाडीतून नलूकाकी शहाळ्यांची पिशवी घेऊन आल्या होत्या. वलीचाचा आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. नलूकाकींनी नंतर शपथेवर सांगितलं की ते उलटं धरलेलं होतं. यशराच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. तौहीदने सलाम केला तेव्हा त्यांनी पान उलटलं.

चहा झाला. खोका ओटीवर मधोमध आला. वलीचाचा वाचतच होते. तेव्हा मासूमाअम्मी आतून कोयती घेऊन आल्या, खुर्चीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमी कापतावं का मी कापू?"

या घरात आजवर बाईने दोरी कापली नव्हती. वलीचाचांनी बायकोकडे पाहिलं, मोहल्ल्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राची घडी घातली आणि कोयती घेतली. यशराने पदराआडून तौहीदचा हात घट्ट धरला. कोयती फिरली, दोरी तुटली आणि लहानपणीचा तो आवाज आला. तौहीदला वाटलं, झालं, जिंकलो!

वलीचाचांनी झाकण उघडून आत हात घातला आणि बाहेर काढला तो एक एप्रन. गुलाबी, कडेने झालर लावलेला, छातीवर मोठा लाल बदाम.

वलीचाचांनी पुन्हा हात घातला. ओव्हनमध्ये घालायचे गुलाबी हातमोजे निघाले. मग केकची हृदयाच्या आकाराची भांडी, क्रीम काढायच्या नळ्या, साखरेची फुलं, चांदीच्या गोळ्या. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी ओटी फुटली. नलूकाकी खांबाला धरून हसत होत्या. वलीचाचांनी एप्रन चिमटीत धरून मुलासमोर धरला आणि दोन वर्षांनी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलले.

"ह्यो तुझा युनिफॉर्म काय?"

"अब्बा, हा खोका माझा नाही!" तौहीद ओरडला.

"तुझा न्हाय? सवताचा खोका वळखत न्हायस आनि लोकांचे बांधतंस?" असं म्हणून ते तरातरा मागच्या दारी माडांत निघून गेले. खिशातलं कार्ड खिशातच राहिलं. तौहीद एप्रन हातात घेऊन उभा होता आणि त्याला खरंच रडू फुटणार होतं, पण तेवढ्यात फोन वाजला.

सुजित होता. "तौहीदभाई, घोटाळा झाला! बायको केकच्या सामानाची वाट बघतेय आणि माझ्या खोक्यात बाजेची मच्छरदाणी नि अकरा बुरखे निघालेत!"

तो फोन ठेवतो तर काशी. मुरूडहून ती एवढ्या मोठ्याने बोलत होती की फोनची गरज नव्हती. "भाऊ, माझ्यात निसते इलेक्ट्रिकचे पाने हायत! मी पान्यांनी वाटण वाटू काय?" मग तिसरा, चौथा. यशरा वहीवर बाण काढत बसली होती, कुणाचं कुणाकडे गेलं याचे. पाच मिनिटांत तिची वही जाळं होऊन बसली आणि तिला हसू आवरेना. ऋत्विकचा फोन मात्र लागत नव्हता. घरच्या फोनवर त्याची आई म्हणाली, आल्यापासून तो ढाराढूर झोपलाय, खोका पलंगाखाली तसाच आहे.

तौहीदने डोळे पुसले. मग तो गोदामात बोलायचा त्या आवाजात एकेकाला म्हणाला, "कुणी काही फोडू नका. फोडलं असेल ते तसंच भरा. सगळे चौलला या. आजच्या आज."

चार वाजेपर्यंत मोहल्ल्यात रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली यांची रांग लागली. अंगणात आठ खोके उभे राहिले, काही बांधलेले, काही घाईत पुन्हा चिकटवलेले. आलेली माणसं एकमेकांवर ओरडत होती, हसत होती आणि नलूकाकींच्या शहाळ्यांचा फडशा पाडत होती. सुजितची बायको आल्या आल्या एप्रन छातीशी धरून नाचली. अंगणातला आरडाओरडा ऐकून वलीचाचा मागच्या माडांतून पुढे आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

फोडलेले खोके आतल्या सामानावरून ओळखू येत होते. न फोडलेले चार उरले. "आता हे उघडायचे का?" कुणीतरी विचारलं.

"कशाला?" तौहीद म्हणाला. त्याने पहिला खोका वितभर उचलला, ठेवला. "एकोणतीस किलो तीनशे. काशी, हा तुझा. डाव्या कोपऱ्यात जड आहे, तिथं तुझा पाटा आहे ना? दगड घेऊन समुद्र ओलांडणारी तू एकटीच." काशीने त्या कोपऱ्याचा पुठ्ठा फाडून बोट घातलं आणि पाटा लागल्यावर अशी शिट्टी मारली की कोंबड्या पळाल्या. तौहीदने दुसरा उचलला, तिसरा उचलला, चौथा उचलला. एकही चुकला नाही. आता लोक टाळ्या वाजवत होते. सुजित भिंतीपाशी जाऊन वलीचाचांना सांगत होता, "चाचा, तुम्हाला म्हणून सांगतो, सलालाला डॉक्टरची वेळ मिळते, तौहीदभाईंची मिळत नाही."

वलीचाचा सुजितकडे बघत नव्हते. ते काशीच्या खोक्याकडे बघत होते. हळूहळू ते पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि निळ्या दोरीवर बोट फिरवायला लागले. कडीवरून, पिळावरून, खोचलेल्या टोकापर्यंत.

"ही गाठ कोनी शिकवली तुला?"

"तुम्हीच," तौहीद म्हणाला.

"मी कवा शिकवली?"

"मी खोक्यावर बसायचो ना, अब्बा. तुम्ही बहारीनला निघायच्या आधी. मी तुमचे हात बघायचो." तौहीद त्यांच्या शेजारी खाली बसला. "तुम्ही गेल्यावर अम्मीच्या मसाल्याच्या डब्याला बांधत बसायचो."

वलीचाचांचं बोट त्या टोकावर तसंच राहिलं.

तेवढ्यात मोटारसायकलवर मागे खोका बांधून ऋत्विक आला, केस विस्कटलेले, गालावर उशीच्या वळ्या. तौहीदचा खोका उरणची सैर करून, न फुटता, घरी आला होता. ओटीवर तो मधोमध ठेवला. सगळे पुन्हा गोल जमले. मासूमाअम्मी पुन्हा कोयती घेऊन आल्या.

वलीचाचांनी कोयती बाजूला सारली.

ऐन वेळी अब्बा मागे सरले? पण वलीचाचा खोक्यापुढे मांडी घालून बसले. त्यांनी ते खोचलेलं टोक नखाने बाहेर ओढलं, दोन बोटांत धरलं आणि एक हिसका दिला. पीळ सुटला, कडी सुटली, उभे वेढे सुटले, आडवे सुटले आणि सगळी दोरी एकाच वेळी खाली पडली. ओटीवरून "अरे!" असा एकच आवाज उठला, आणि त्यात सगळ्यात मोठा तौहीदचा होता. दोन वर्षं, शेकडो खोके, आणि ही गाठ सुटते हे त्याला माहीत नव्हतं! कसं असणार? या घरी आलेली दोरी नेहमी कापलीच जायची.

"निम्मीच उचललीस," वलीचाचा म्हणाले. "बांधायची तेवडी."

"पण ही अशी का बांधायची, अब्बा?"

वलीचाचा दोरी हाताच्या कोपरावर गुंडाळायला लागले. "हितं कापायला मानसं होती. बहारीनला माझा खोका कोन सोडनार? खोलीत मी एकटा. आनि वल्या हातानी, भुकेल्या पोटी, गाठ चटकन सुटाया पायजे. तुझ्या आईचं लोनचं आत असायचं." त्यांनी दोरीला शेवटचा वेढा दिला. "सुटायचा तवा रडू यायचं मला. सत्तावीस वरसं. कुनाला बोललो न्हाय."

मासूमाअम्मी कोयती हातात घेऊन तशाच खाली बसल्या. तौहीदने खिशातलं कार्ड काढून बापाच्या हातात दिलं. वलीचाचांनी ते लांब धरून, जवळ धरून वाचलं, मग सुपरवायझर हा शब्द मोठ्याने, सगळ्या ओटीला ऐकू जाईल असा पुन्हा वाचला आणि कार्ड स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घातलं.

खोक्यात सगळ्यांत वर एक घोंगडी होती. जाड, मखमली, वर वाघाचं तोंड. अशा घोंगड्या वलीचाचांनी सत्तावीस वर्षांत मोहल्ल्यात घरोघर आणल्या होत्या. त्यांच्यासाठी कुणी आणली नव्हती, कारण आणणारे तेच होते. तौहीदने ती उलगडून बापाच्या खांद्यावर टाकली. मे महिना, घामाच्या धारा, आणि वलीचाचा वाघ पांघरून बसले. नलूकाकी म्हणाल्या, "अहो, शिजाल!" ते म्हणाले, "शिजू द्या."

सुजित, ऋत्विक, काशी, सगळे आपापले खोके घेऊन निघाले. अंगणात दोऱ्यांचे तुकडे उरले. यशरा ते गोळा करायला लागली तशी वलीचाचांनी तिला हाक मारली. गुंडाळलेली निळी दोरी त्यांच्या मांडीवर होती.

"बाय, ही ऱ्हावू दे. माझा खोका बांधायला लागंल."

"तुम्ही कुठं चाललात, अब्बा?"

"तुझ्या व्हिसावर आजून एक गडी मावंल काय?" वलीचाचा म्हणाले. "म्हयनाभर. ह्याची खोकी बघायची हायत मला."

यशराने तोंडावर हात ठेवला. मग पर्समधून पेन आणि बाणांची ती वही काढली आणि अगदी टायपिंगवाल्यासारखा चेहरा करून विचारलं, "अर्जात कामाच्या रकान्यात काय लिहू?"

वलीचाचांनी मुलाकडे पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, नीट, डोळ्यात डोळे घालून.

"गृहिनी लिव," ते म्हणाले. "ह्याचं चाललं ना? माझं पन चालंल."